ओढा, डोह आणि जलाशय : सह्याद्रीतील गोड्या पाण्याच्या माशांची जीवपरिस्थितिकी

सारांश

सह्याद्रीच्या उत्तर भागात उगम पावणारे ओढे, नद्यांतील डोह आणि धरणांमुळे निर्माण झालेले जलाशय हे गोड्या पाण्यातील माशांचे तीन प्रमुख अधिवास होत. या तिन्ही अधिवासांत पाण्याची गती, तापमान, प्राणवायूचे प्रमाण व अन्नाचे स्वरूप भिन्न असते आणि त्यानुसार तेथील माशांची शरीररचना, आहार व प्रजननपद्धतीही भिन्न असते. प्रस्तुत लेखात हा संबंध स्पष्ट करण्यात आला असून, धरणे, परक्या जातींचा शिरकाव आणि संवर्धनाच्या हेतूने केले जाणारे मत्स्यबीज संचयन यांचे परिणाम तपासण्यात आले आहेत. मासे वाचविणे म्हणजे पाण्यात मासे सोडणे नव्हे, तर त्यांचा अधिवास व जीवनक्रम अबाधित राखणे होय, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

बीजसंज्ञा : गोड्या पाण्यातील मासे, अधिवास, चढण, डोह, जलाशय, प्रदेशनिष्ठता, परक्या जाती.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रात माशांचा विचार बहुधा समुद्राच्या संदर्भात केला जातो. पापलेट, सुरमई, बोंबील ही नावे घाटावरच्या वाचकालाही परिचित असतात. परंतु गावाशेजारच्या ओढ्यात कोणते मासे आहेत, हे सांगणारे सुशिक्षित लोक फार थोडे आढळतात. वास्तविक पश्चिम घाट हा गोड्या पाण्यातील माशांच्या दृष्टीने देशातील अत्यंत समृद्ध प्रदेशांपैकी एक आहे. नीलेश डहाणूकर, रूपेश राऊत आणि अनुराधा भट यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात पश्चिम घाटातील गोड्या पाण्याच्या माशांच्या २८८ जातींची नोंद असून त्यांपैकी ११८ जाती प्रदेशनिष्ठ, म्हणजे जगात अन्यत्र न आढळणाऱ्या, असल्याचे दाखविले आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या २०११ मधील मूल्यमापनातही या प्रदेशातील एक तृतीयांशाहून अधिक मत्स्यजाती संकटग्रस्त ठरल्या.

या माशांच्या अभ्यासाला महाराष्ट्रात दीर्घ परंपरा आहे. मुंबई सरकारच्या सेवेत सांख्यिकी माहिती गोळा करणारे कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनमधील माशांवरचे आपले लेखन १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी अनेक जातींना स्थानिक लोकांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. टॉर खुद्री, गारा मुल्या, लेबिओ बोग्गट, लेबिओ पोटेल, मिस्टस शिंगटी, रिटा गोग्रा ही नावे जगभरातील शास्त्रज्ञ आज वापरतात; त्यांतील 'शिंगटी' म्हणजे आपला शिंगटा आणि 'गोग्रा' म्हणजे घोगरा, हे मराठी वाचकाच्या सहज लक्षात येईल. मुळा, मुठा, भीमा यांच्या काठच्या मासेमारांचे ज्ञान अशा रीतीने जागतिक शास्त्राच्या परिभाषेत कायमचे नोंदले गेले आहे. ज्या नद्यांनी ही नावे दिली, त्या नद्यांत ते मासे आज कोणत्या अवस्थेत आहेत, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

२. लेखाची उद्दिष्टे

१) ओढा, डोह व जलाशय या अधिवासांचा माशांच्या रचनेशी व जीवनक्रमाशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
२) पावसाळी चढण व प्रजनन यांचे परिस्थितिकीय महत्त्व विशद करणे.
३) धरणे, परक्या जाती व मत्स्यबीज संचयन यांच्या परिणामांची चिकित्सा करणे.
४) महाविद्यालयीन स्तरावर करता येण्याजोग्या कार्याची दिशा सुचविणे.

३. वाहते पाणी : ओढ्यातील जीवन

घाटमाथ्यावरील ओढा वरवर पाहता एकसारखा वाहताना दिसतो. प्रत्यक्षात त्यात उथळ, खडकाळ व वेगवान असा खळाळाचा भाग आणि त्यापाठोपाठ खोल, संथ असा डोहाचा भाग यांची आलटून पालटून रचना असते. खळाळात पाणी हवेशी सतत घुसळले जाते, त्यामुळे त्यात प्राणवायू भरपूर असतो. दगडांवर शैवालाचा थर वाढतो आणि दगडांखाली कीटकांच्या अळ्या राहतात. अन्न व प्राणवायू यांची येथे कमतरता नाही. अडचण एकच, ती म्हणजे वाहून न जाण्याची.

या अडचणीवर माशांनी शोधलेले उपाय लक्षणीय आहेत. मळ्या (गारा मुल्या) या माशाच्या खालच्या ओठाचे रूपांतर एका चकतीत झालेले असते. या चकतीच्या साहाय्याने तो खडकाला धरून राहतो आणि त्याच खडकावरचे शैवाल खरवडून खातो. ग्लिप्टोथोरॅक्स या प्रजातीतील माशांच्या छातीवर त्वचेच्या घड्यांचे चिकटण्याचे साधन असते. मुरीसारखे मासे सडपातळ शरीरामुळे दगडांच्या फटींत शिरतात. नेल्सन अॅनन्डेल यांनी १९१९ मध्ये खंडाळ्याच्या ओढ्यातून वर्णन केलेला पॅराप्सिलोऱ्हिंकस टेन्टॅक्युलेटस हा लहानसा मासाही याच अधिवासाचा रहिवासी होय. पुढे सुंदरलाल होरा यांनी वेगवान प्रवाहातील प्राण्यांच्या अशा अनुकूलनांचा सविस्तर अभ्यास करून या विषयाला शास्त्रीय बैठक दिली.

ओढ्याच्या अन्नसाखळीचे आणखी एक वैशिष्ट्य सांगितले पाहिजे. दाट झाडीतून वाहणाऱ्या लहान ओढ्यात सूर्यप्रकाश कमी पोहोचतो, म्हणून पाण्यातील वनस्पतींची वाढ मर्यादित असते. तेथील अन्नाचा मोठा वाटा काठावरून पडणारी पाने, फळे व कीटक यांच्या रूपाने बाहेरून येतो. पाने कुजतात, त्यांवर बुरशी व जिवाणू वाढतात, ती कीटकांच्या अळ्या खातात आणि अळ्या माशांचे भक्ष्य होतात. काठावरची झाडे तोडली, तर सावली नाहीशी होऊन पाणी तापते आणि अन्नाचा मूळ स्रोतही आटतो. ओढ्यातील मासा हा अशा प्रकारे काठावरच्या जंगलाचाही घटक असतो.

४. तापमान आणि प्राणवायू

माशांच्या वितरणावर नियंत्रण ठेवणारा सर्वांत महत्त्वाचा घटक म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू. समुद्रसपाटीवर २० अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशाला हेच प्रमाण सुमारे ७.५ मिलिग्रॅमपर्यंत उतरते. मासा हा शीतरक्ताचा प्राणी असल्याने पाणी तापले की त्याच्या शरीरक्रियांचा वेग वाढतो आणि त्याला प्राणवायू अधिक लागतो. म्हणजे उन्हाळ्यात गरज वाढते त्याच वेळी पुरवठा घटतो.

या पाण्यात सांडपाणी किंवा कारखान्यातील सेंद्रिय द्रव्ययुक्त पाणी मिसळले, तर त्याचे विघटन करणारे जिवाणू उरलेला प्राणवायूही वापरून टाकतात. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह क्षीण असताना एका रात्रीत हजारो मासे मेल्याच्या ज्या बातम्या येतात, त्यांमागे पुष्कळदा विषापेक्षा गुदमरणे हे कारण असते. पहाटेच्या वेळी ही घटना अधिक घडते, कारण रात्रभर शैवालही प्राणवायू निर्माण न करता तो केवळ वापरत असते.

सर्व मासे या संकटाला सारख्याच प्रमाणात बळी पडत नाहीत. मरळ या माशाला हवेतून श्वास घेण्याचे पूरक अवयव असल्यामुळे तो चिखलातील कमी प्राणवायूच्या पाण्यातही तग धरतो. डासांच्या नियंत्रणासाठी आणलेले गप्पी मासे पृष्ठभागालगतच्या पातळ थरातील प्राणवायूवर जगतात आणि म्हणूनच शहरातील नाल्यांतही आढळतात. नदीत मासे दिसतात म्हणून ती निरोगी आहे, असा निष्कर्ष काढणे त्यामुळे धोक्याचे आहे. कोणते मासे दिसतात, हे पाहणे आवश्यक असते.

५. चढण : पावसाळा आणि प्रजनन

सह्याद्रीतील ओढे बहुतांशी हंगामी आहेत. वर्षभराचा पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. येथील बहुसंख्य माशांचे जीवनचक्र या लयीशी जुळलेले आहे. पहिल्या जोरदार पावसानंतर पाणी गढूळ होते, त्याचे तापमान उतरते, प्रवाह वाढतो आणि अंडी भरलेले मासे प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने ओढ्यांत व भातखाचरांत चढू लागतात. कोकणात व घाटमाथ्यालगतच्या भागात यांना 'चढणीचे मासे' म्हणतात. कोकणात 'वलगण' हा शब्दही रूढ आहे.

माशांनी नेमकी हीच वेळ निवडण्यामागे कारणे आहेत. नव्याने बुडालेल्या जमिनीवर प्लवक व कीटक विपुल वाढतात, त्यामुळे पिलांना अन्न मिळते. उथळ पाण्यात मोठे भक्षक मासे कमी असतात आणि गढूळपणामुळे पिले दृष्टीआड राहतात. वाहत्या पाण्यामुळे अंड्यांना प्राणवायूचा पुरवठा होतो. पाऊस ओसरला की पिले पाण्याबरोबर नदीत उतरतात. ओढा हे अशा रीतीने नदीतील माशांचे प्रसूतिगृह व पाळणाघर होय.

परंतु सर्व जातींची रीत एक नाही. महसीर (टॉर खुद्री) स्वच्छ, वाहत्या पाण्यात खडीच्या जागी अंडी घालतो. ती तुलनेने मोठी, संख्येने कमी व तळाशी बसणारी असतात. खडीवर गाळ साचला की ती गुदमरतात. रोहू, कटला व मृगळ ही गंगेच्या खोऱ्यातील कार्प कुळातली माणसे-परिचित त्रयी पुराच्या पाण्यात असंख्य अंडी सोडते; साठलेल्या पाण्यात ती सहसा प्रजनन करीत नाहीत. म्हणूनच १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन घडविलेले प्रेरित प्रजनन मत्स्यशेतीत क्रांतिकारक ठरले. मरळ याउलट संथ पाण्यात वनस्पतींमध्ये अंडी घालते आणि नर-मादी पिलांची राखण करतात. तिलापियाची मादी तर अंडी व पिले तोंडातच सांभाळते आणि वर्षातून अनेकदा प्रजनन करते. तिला पुराची, खडीची वा चढणीची आवश्यकताच नसते. प्रजननातील हा फरक ध्यानात घेतला, म्हणजे नदीवर धरण झाल्यावर कोण टिकणार आणि कोण नाहीसे होणार, याचे उत्तर बरेचसे मिळते.

चढणीच्या काळात मासे पकडणे हा ग्रामीण जीवनातील आनंदाचा प्रसंग असतो आणि गाभोळीच्या माशांना मागणीही मोठी असते. मर्यादित प्रमाणात ही मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मात्र ओढ्याच्या अरुंद तोंडाशी बारीक आसाची जाळी पूर्ण रुंदीभर लावली, किंवा विजेचा धक्का, सुरुंग व विष यांचा वापर केला, तर संपूर्ण पिढीच एका रात्रीत नष्ट होते. सुरुंग व विष वापरून मासेमारी करण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानेच मनाई केली आहे. अंमलबजावणीचा प्रश्न आजही शिल्लक आहे.

६. डोह : उन्हाळ्याचा आसरा

पावसाळा संपल्यावर ओढे आटतात आणि नदीचे पात्र तुटक होत जाते. एप्रिल-मे महिन्यांत वाहते पाणी नसले, तरी खोल डोहांत पाणी टिकते. काही किलोमीटर लांबीच्या पात्रातील मासे अशा वेळी मोजक्या डोहांत एकवटतात. पुढील पावसाळ्यात संपूर्ण ओढा पुन्हा माशांनी भरणार की नाही, हे या डोहांतील काही शे माशांवर अवलंबून असते. पात्रातील वाळूचा बेसुमार उपसा, गाळाने डोह भरून येणे, पंपाने अखेरचे पाणी उपसणे यांमुळे होणारे नुकसान म्हणूनच डोहाच्या क्षेत्रफळापेक्षा कितीतरी मोठे असते. शहरांमध्ये नदीकाठाचे सुशोभीकरण करताना पात्र सरळ व सपाट केले जाते, तेव्हाही खळाळ व डोह यांची ही रचनाच पुसली जाते.

डोहांचे हे महत्त्व लोकपरंपरेने फार पूर्वी ओळखले होते. रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळण कोंड येथे, तसेच पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात वैतरणा नदीवरील तिळसे येथे देवस्थानाच्या श्रद्धेने महसीर माशांना अभय मिळाले आहे. देवाचे मासे मारायचे नाहीत, या एका नियमाने मोठ्या वयाचे, प्रजननक्षम मासे टिकून राहतात. देवराई वनस्पतींसाठी जे कार्य करते, तेच कार्य हे कोंड माशांसाठी करतात. तथापि श्रद्धा डोहाला संरक्षण देऊ शकते, वरच्या पाणलोटातून येणाऱ्या गाळाला किंवा प्रदूषणाला ती अडवू शकत नाही, ही मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे.

७. जलाशय : नव्या परिसंस्थेचा उदय

महाराष्ट्रात मोठी नैसर्गिक गोड्या पाण्याची सरोवरे फारशी नाहीत. ज्यांना आपण तलाव म्हणतो, ते बहुतेक मानवनिर्मित आहेत. खडकवासला, मुळशी, कोयनेचा शिवसागर, भीमेवरील उजनी ही त्याची परिचित उदाहरणे होत. धरण झाले की नदीचा वाहता भाग साठलेल्या पाण्यात रूपांतरित होतो. खळाळ बुडतात, खडकांवर गाळ बसतो, शैवाल खरवडणाऱ्या माशांचे अन्न नाहीसे होते. अन्नसाखळीचा पाया आता दगडावरील शैवालाऐवजी पाण्यात तरंगणारे प्लवक हा होतो. खोल जलाशयात उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते व थंड, जड पाणी तळाशी राहते; दोन्ही थर मिसळत नसल्याने तळाचा प्राणवायू हळूहळू संपतो. असे तळाचे पाणी खाली सोडले गेले, तर धरणाखालच्या नदीलाही त्याचा उपद्रव होतो.

धरणाची भिंत ही चढणीच्या मार्गातील कायमची अडसर ठरते. या बाबतीत लहान बांधकामांकडे दुर्लक्ष होते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे पावसाळ्यापूर्वी काढले जातात, त्यामुळे पुराच्या काळात माशांना वाट मिळू शकते. मात्र बर्गे वेळेवर न काढल्यास किंवा बंधाऱ्याखाली पाण्याची मोठी पडण तयार झाल्यास ही वाट बंद होते. पहिल्या पावसापूर्वी बर्गे काढणे ही सिंचन विभागाची तांत्रिक बाब असली, तरी माशांच्या दृष्टीने ती जीवनमरणाची बाब आहे.

जलाशयांमुळे मत्स्योत्पादन वाढले आणि भोई, कोळी व इतर मासेमार समाजांना सहकारी संस्थांच्या माध्यमातून उपजीविका मिळाली, हेही नाकारता येणार नाही. प्रश्न उत्पादनाचा नसून ते कोणत्या माशांचे आहे, हा आहे.

८. परके मासे आणि संचयनाचा धडा

भारतात १९५२ मध्ये आणलेला मोझांबिक तिलापिया जलाशयांत झपाट्याने पसरला. उजनीच्या परिसरात 'चिलापी' या नावाने तिलापिया आता इतका रुळला आहे, की तो परका आहे हे सांगावे लागते. संथ पाणी, वर्षभर प्रजनन आणि मिळेल ते खाण्याची सवय यांमुळे त्याला जलाशय मानवतो. आफ्रिकन मांगूर हा तर मोठा होणारा भक्षक मासा असून केंद्र सरकारने २००० मध्ये त्याच्या संवर्धनावर बंदी घातली. तरीही त्याची चोरटी पैदास पुढेही उघडकीस येत राहिली.

परका मासा म्हणजे केवळ परदेशी मासा, अशी समजूत असते. ती अपुरी आहे. एका खोऱ्यातील मासा दुसऱ्या खोऱ्यात नेला, तरी तो तेथे परकाच असतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्राशी निगडित आहे. साइक्स यांनी पुण्याच्या मुळा-मुठेतून वर्णन केलेल्या टॉर खुद्री या महसीराचे कृत्रिम प्रजनन लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी यशस्वी झाले. संख्या घटत चाललेल्या माशासाठी हे मोलाचे कार्य होते. तेथील मत्स्यबीज देशातील अनेक नद्यांत सोडण्यात आले. त्यांत कावेरीही होती. कावेरीत मात्र तिचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर होता. गळाने मासे पकडून पुन्हा सोडणाऱ्यांनी ठेवलेल्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदींचे विश्लेषण २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा बाहेरून आलेल्या निळसर पराच्या महसीराची संख्या वाढत असून मूळच्या महसीराची संख्या अत्यंत घटल्याचे दिसून आले. २०१८ मध्ये या मूळ माशाची शास्त्रीय ओळख टॉर रेमादेवी अशी निश्चित झाली आणि त्याच वर्षी त्याचा समावेश अतिसंकटग्रस्त जातींत करण्यात आला. ज्याला शास्त्राने पुरते ओळखलेही नव्हते, तो मासा दुसऱ्या माशाच्या संवर्धनाच्या प्रयत्नात नाहीसा होण्याच्या सीमेवर पोहोचला.

या घटनेत कोणाचाही हेतू वाईट नव्हता, हेच तिचे गांभीर्य होय. वाळू उपसा, धरणे व प्रदूषण यांचाही कावेरीतील ऱ्हासात वाटा आहे. तरीही कोणता मासा कोठला, हे न तपासता केलेले संचयन हे संवर्धन ठरत नाही, हा धडा त्यातून स्पष्टपणे मिळतो. जागतिक पर्यावरण दिनानिमित्त तलावात किंवा नदीत मासे सोडण्याचे उपक्रम शैक्षणिक संस्थांतूनही होतात. त्यांचा या दृष्टीने फेरविचार होणे अगत्याचे आहे.

९. महाविद्यालयांची भूमिका

पुण्याच्या नद्यांतील माशांच्या नोंदी साइक्स यांच्यानंतर फ्रेझर (१९४२), तोनापी व मुल्हेरकर (१९६३), वाघ व घाटे (२००३) यांनी केल्या. संजय खरात व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात पुणे जिल्ह्यातील मत्स्यजातींच्या दीर्घकालीन बदलांचे विवेचन केले. पूर्वी नोंदलेल्या काही जाती आढळत नाहीत आणि परक्या जातींची भर पडली आहे, असे चित्र त्यातून पुढे आले. अशी तुलना शक्य झाली, ती जुन्या नोंदी उपलब्ध होत्या म्हणूनच. महाराष्ट्रातील बहुसंख्य नद्यांसाठी असा आधार उपलब्ध नाही. तो निर्माण करण्याचे कार्य स्थानिक महाविद्यालये पुढीलप्रमाणे करू शकतात.

१) महाविद्यालयाजवळच्या एका ओढ्याचा किंवा डोहाचा ठरावीक भाग निवडून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर मत्स्यजातींची नोंद करावी. ओळख पटवून शक्य तेथे मासे पुन्हा पाण्यात सोडावेत.
२) प्राणिशास्त्र विभागातील जुन्या बरण्यांमधील नमुन्यांची ठिकाण व तारीख यांसह सूची तयार करावी. फिकट झालेली चिठ्ठी हाच पुष्कळदा एखाद्या नाहीशा झालेल्या माशाचा अखेरचा पुरावा असतो.
३) मराठी व इतर विभागांच्या सहकार्याने भोई, कातकरी, कोळी समाजातील जाणत्यांकडून माशांची स्थानिक नावे, त्यांची चढण व डोह यांविषयीचे ज्ञान संकलित करावे आणि त्याचे श्रेय त्यांना द्यावे.
४) पाण्याचे तापमान व विरघळलेला प्राणवायू यांची मोजणी पदवीच्या प्रात्यक्षिकांत प्रत्यक्ष नदीवर करून घ्यावी.
५) मत्स्यालयातील मासे वा मत्स्यबीज नैसर्गिक पाण्यात सोडण्याचे उपक्रम टाळावेत.

१०. समारोप

ओढा, डोह आणि नदी हे माशांच्या दृष्टीने एकाच घराचे भाग आहेत. ओढ्यात जन्म, नदीत वाढ आणि उन्हाळ्यात डोहाचा आसरा, असा त्यांचा जीवनक्रम असतो. यांतील एक दुवा तुटला, तरी उरलेले दोन दुवे निरुपयोगी ठरतात. जलाशयाने या घराची रचना बदलली आणि परक्या माशांनी त्यात वस्ती केली. जलाशय आता नाहीसे होणार नाहीत. परंतु त्यांच्या वरच्या अंगाचे वाहते ओढे, काठावरची झाडी, उन्हाळ्यातील डोह व पावसाळ्यातील चढणीची वाट यांचे रक्षण करणे अद्यापही शक्य आहे. त्यासाठी मोठ्या खर्चाची नव्हे, तर माहितीची व वेळेवर घेतलेल्या लहान निर्णयांची गरज आहे. साइक्स यांना मासेमारांनी सांगितलेली नावे शास्त्राच्या ग्रंथांत सुरक्षित आहेत. ती नावे धारण करणारे मासे त्यांच्या मूळ पाण्यात राहतील की नाही, हे मात्र त्या पाण्याच्या काठी राहणाऱ्यांवरच अवलंबून आहे.